आटे

वारजे माळवाडीतल्या आमच्या गच्चीवर
मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह नानांनी सोमवारी बंद केला.
बुधवारी ते गेले.
शुक्रवारी घरात तीस माणसं, छोटी टाकी रिकामी,
आणि हा काही कुणाच्या बापाला उघडेना.
असं सुहास म्हणाला,
आणि म्हणून झाल्यावर
टाकीला पाठ लावून, पहिल्यांदा, रडला.

जनार्दन खुटवड. मूळचे वेल्ह्याकडचे.
एकतीस वर्षं तेलाच्या विहिरींवर.
आधी मेहसाणा, मग अंकलेश्वर, शेवटी समुद्रात,
जिथं पायाखाली जमीन नाही, लोखंडी जाळी,
आणि जाळीतून खाली काळंहिरवं पाणी.
काम काय, तर नळीला नळी जोडायची.
तीस फुटांची एक, तिच्या डोक्यावर दुसरी,
असं करत करत कोसभर खाली.
"जोर काय, रेडाही लावतो," म्हणायचे,
"आटे बसले पाहिजेत. आधी उलटा अर्धा फेरा.
टक् होतं. ते ऐकायचं. मग सुलटा."
हेच ते घरी बरण्यांना करायचे, थर्मासला, चिमणीच्या बुचालासुद्धा.
आईचं अर्धं आयुष्य झाकणं उघडण्यात गेलं.

चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस इकडे.
कॅलेंडरवर तिथी आईच्या, फुल्या नानांच्या.
गल्लीतले आकाशकंदील उतरले की आमचा चढायचा.
माझा वाढदिवस कधी बाराला, कधी सव्वीसला.
माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं व्याह्यांना विचारलं,
तुमचे गुरुजी चौदाच्या पाढ्यात मुहूर्त बसवतील का?

सुहास झाला तेव्हा वादळ होतं, हेलिकॉप्टर उडेना.
पाच दिवसांनी आले. पिशवी दारातच ठेवून
साबणानं तीनदा हात धुतले, कोपरापर्यंत,
तरी बाळाला घेईनात. म्हणाले, वास येतोय.
आम्हाला कुणालाच येत नव्हता.

आले की दोन दिवस ओरडूनच बोलायचे.
तिसऱ्या दिवशी आवाज घरात मावायला लागायचा.
पण शांततेत झोप नाही.
डिसेंबरात, खडकवासल्याकडून बोचरं वारं,
आणि आमच्या डोक्यावर पंखा पाचावर.
आम्ही तिघं गोधडीत, नाकं तेवढी बाहेर,
ते गंजिफ्रॉकवर, घोरत.
बुधवारी रात्री पंखा कुणीच बंद केला नाही.

डाव्या करंगळीचं एक पेर अंकलेश्वरात राहिलं.
कसं, ते कधी सांगितलं नाही.
बोटांवर बेरीज शिकवताना तिथं पोचले
की क्षणभर थांबून म्हणायचे, "हा हातचा गेला,"
आणि मी हसायचे. मला वाटायचं, गणितच आहे.

दहाव्याला शिवसागरहून कुणा फुकनांचा फोन आला.
मोडकं हिंदी, मध्ये मध्ये खोकला.
खुटवडनं आवळलेला जोड कधी गळला नाही, म्हणाले.
एवढंच सांगायचं होतं.
मग बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

पण त्या शुक्रवारचं सांगत होते.
प्लंबर आला, विशीतला पोरगा.
पान्याला दोन फुटी पाइप अडकवून त्यावर लोंबकळला.
"कोण पैलवान होता हो?"
कुणी उत्तर दिलं नाही. त्याला दारातला गोवऱ्यांचा विस्तव
दिसला असेल नंतर, तो गप्प झाला.
व्हॉल्व्ह कुरकुरला. मी कान देऊन उभी होते.
टक्.
खालून आईचा आवाज, आलं, आलं पाणी.

जाताना त्यानं विचारलं, आणखी काही अडलंय का, काकू?
आई म्हणाली, नाही.

लिंबाच्या लोणच्याची बरणी
फडताळात, वरच्या फळीवर आहे.